फुजी नदीच्या अलीकडे

रविवार, नुमाझू

भोसरीत पॉवर सप्लायचं डिझाइन हातात घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला: लाइन किती वर जाणार आणि किती खाली येणार? कागदावर २३० व्होल्ट, पण गावाकडे संध्याकाळी पंप सुरू झाले की १७० सुद्धा दिसतात, आणि कुठे न्यूट्रल सुटला तर आकडा थेट चारशेकडे धावतो. इथे जपानच्या शिझुओका प्रांतात येऊन ती काळजीच संपली. घरगुती वीज १०० व्होल्टची, आणि पुरवठा १०१ च्या वर-खाली सहा व्होल्टांत ठेवायचा, असा कायदाच आहे.

काळजीची जागा मात्र दुसऱ्या गोष्टीने घेतली: फ्रिक्वेन्सी, म्हणजे एसी विजेची सेकंदाला किती आवर्तनं होतात. फुजी नदीच्या पूर्वेला ५० हर्ट्‌झ, पश्चिमेला ६०. १८९५ च्या सुमारास टोकियोने जर्मनीहून जनित्रं आणली, ओसाकाने थोड्याच काळात अमेरिकेहून, आणि तेव्हाची ती फाळणी आजही टिकून आहे. आमचा कारखाना नदीच्या अलीकडे, ५० वर. रेल्वेने थोडं पश्चिमेला शिझुओका शहरात गेलं की ६०. तोकाइदो शिंकान्सेन ही टोकियो-ओसाका बुलेट ट्रेन तर अख्ख्या मार्गावर ६० वरच धावते, त्यासाठी पूर्वेच्या टप्प्यात रेल्वेची स्वतःची, ५० ची वीज ६० ची करणारी कन्व्हर्टर केंद्रं आहेत. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा पडला, तेव्हा पश्चिमेची वीज हवी तेवढी वळवता आली नाही. मधल्या कन्व्हर्टरची क्षमता सुमारे १००० मेगावॉटच होती. २०२१ मध्ये त्यात आणखी ९०० ची भर पडली. इंजिनिअरिंगमधला एखादा जुना निर्णय किती लांब हात पसरतो, हे माझ्या रोजच्या टेबलावर दिसतं. ५० हर्ट्‌झला दोन चार्जिंगच्या मध्ये कपॅसिटरला (वीज साठवून ठेवणाऱ्या भागाला) १० मिलिसेकंद तग धरावा लागतो, ६० ला ८.३. म्हणून कपॅसिटर ५० साठी निवडायचा आणि चाचण्या दोन्हींवर करायच्या. त्यात व्होल्टेज कमी, म्हणजे त्याच वॉटला करंट भारताच्या सव्वादोन पट. ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) आणि विजेतला गोंगाट अडवणाऱ्या फिल्टरची कॉइल चांगलीच तापतात. शिवाय घरांतल्या बहुतेक सॉकेटना दोनच खाचा. अर्थिंगचा स्क्रू वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्हपाशीच. अर्थिंग मिळेलच असं धरून इथे फिल्टर बसवता येत नाही.

सकाळी रेडिओवरच्या संगीतावर सगळ्यांनी मिळून व्यायाम (ही प्रथा १९२८ पासूनची), मग उभ्याउभ्या मीटिंग. याची सवय लवकर झाली. वेळ लागला तो फॉल्टकडे बघण्याच्या पद्धतीची सवय व्हायला.

या आठवड्यात एक बोर्ड ग्राहकाकडून परत आला. मध्येच बंद पडतो, थोडं ठोकलं की चालू होतो. ट्रान्सफॉर्मरच्या पिनेपाशी सोल्डरिंग सुटलं असणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. माझ्या आधीच्या नोकरीत अशा बोर्डला सोल्डरिंग गन लावून, तासभर चालवून संध्याकाळी रवाना केलं असतं. इथे आमच्या सीनिअरनी गनला हात लावू दिला नाही. आधी फोटो, मग एक्स-रे, मग तो तुकडा कापून रेझिनमध्ये बसवला, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली ठेवला. पिनेभोवती बांगडीसारखी गोल भेग! आणि भोकात सोल्डर जेमतेम अर्ध्यापर्यंत चढलेलं.

मग 'का' सुरू झाले. भेग का? रोज तापून-निवून, वर जड ट्रान्सफॉर्मरचा भार. सोल्डर पूर्ण का चढलं नाही? पिनेपाशी उष्णता पुरली नाही. शिशाशिवायचं सोल्डर २१७ अंशांना वितळायला लागतं, जुनं १८३ ला वितळायचं. उष्णता कुठे गेली? पिनेला जोडलेल्या रुंद तांब्याने ओढून घेतली. तिथे थर्मल रिलीफ (उष्णता पळू नये म्हणून पिनेभोवतीचं तांबं अरुंद ठेवणं) का नव्हता? लेआउटच्या (बोर्डवरच्या तांब्याच्या आखणीच्या) चेकलिस्टमध्ये ती ओळच नव्हती. हे सगळं एका ए-थ्री कागदावर मांडलं, आणि चेकलिस्टमध्ये ती ओळ आली. लेआउट कोणी केला होता, हे कोणी एकदाही विचारलं नाही. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. नाव घेतलं की माणूस लपवायला लागतो, आणि लपवलेला फॉल्ट पुढच्या हजार बोर्डांत जातो.

याची किंमतही आहे, आणि ती कमी नाही. साधा कपॅसिटर दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तरी मीटिंगच्या आधी प्रत्येक विभागाच्या टेबलापाशी जाऊन संमती घ्यावी लागते. निर्णय तिथेच होतात, मीटिंगमध्ये नुसत्या माना डोलतात. भोसरीत दोन दिवसांत झालं असतं ते इथे महिना खातं. ओव्हरटाइमला २०१९ पासून कायद्याने महिना ४५ तासांची सर्वसाधारण मर्यादा आली हे बरंच झालं, पण कामाची गती तीच आहे. तरुण मुलांनी यावर बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं. ती गप्प बसतात.

टोकियोतल्या निशी-कासाईच्या भारतीय दुकानातून मागवलेली तूरडाळ आज आली. आईचा दुपारी फोन होता. "तिकडे तुझं ऐकतात ना गं?" तिचा नेहमीचा प्रश्न. ऐकतात, पण जपानीत लिहून दिलं तर जास्त ऐकतात, असं सांगितलं. भाषेचा क्लास म्हणूनच चालू ठेवलाय.

उद्या नव्या लेआउटचे बोर्ड येतील. उणे ४० ते ८५ अंशांच्या चेंबरमध्ये जातील आणि बाहेर आल्यावर न बिघडलेलेही कापायचे आहेत. हे मीच सुचवलं. सीनिअरनी लगेच होकार दिला, एकाही टेबलापाशी जावं लागलं नाही.