कम्युनिटी कॉलेज ते लॅब: आधी गणित, मग मासे

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात शिकते म्हटलं की आपल्या लोकांचा चेहरा जरा उतरतो. मिरजेच्या आत्याने तर फोनवर थेट विचारलं, "म्हणजे आयटीआयसारखं का गं?" थोडंफार तसंच, आणि त्यात वाईट काय? इथे वेल्डिंग शिकता येतं, नर्सिंग शिकता येतं आणि पदवीची पहिली दोन वर्षं करून उरलेली विद्यापीठात पूर्णही करता येतात. मी हा शेवटचा रस्ता धरला, कारण मला बायोमेडिकल संशोधनात जायचं होतं.

मामाने आमच्यासाठी भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज कित्येक वर्षांनी मार्गी लागला, तेव्हा माझी बारावी नुकतीच झाली होती. कॅलिफोर्नियात आलो. पण रहिवाशांची फी लागू व्हायची तर राज्यात एक वर्ष आणि एक दिवस काढावा लागतो. तोवर मी एका देसी किराणा दुकानात काउंटरवर उभी राहिले. मग मात्र एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, ४६ डॉलर, म्हणजे पाच युनिटांची केमिस्ट्री २३० डॉलरमध्ये. पुस्तकांचा खर्च वेगळा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते विषयांच्या क्रमाने. गणित पुरेसं झाल्याशिवाय जनरल केमिस्ट्री मिळत नाही. तिची दोन सत्रं झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही, आणि ऑरगॅनिकचीही पुन्हा दोन सत्रं. जोडीला कॅल्क्युलस, फिजिक्स, बायोलॉजी. काही वर्ग वर्षातून एकदाच लागतात, त्यामुळे एक कडी हुकली की अख्खं वर्ष गेलं. आपला कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो हे 'असिस्ट' नावाच्या वेबसाइटवर कळतं. काउन्सेलर बाईंनी पहिल्याच भेटीत तिथले तक्ते माझ्यासमोर उघडले आणि म्हणाल्या, "आधी शेवट ठरव, मग उलटं मोजत ये." घरी मी दोन वर्षांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. बाबा ते रोज वाचायचे आणि म्हणायचे, "यात नर्सिंग कुठंय?" त्यांचं चुकत नव्हतं, नर्सिंगला नोकरी लगेच असते.

वर्गातली माझ्यासारखी बहुतेक मुलं नोकरी करून शिकत होती. लॅबमध्ये फुकट काम करून अनुभव मिळव, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते ज्यांच्या घरचं भाडं आईवडील भरतात त्यांना जमतं. मला जमलं ते 'ब्रिजेस टू द बॅकलॉरिएट'मुळे. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशावर चालणारी ही योजना होती. त्यात कम्युनिटी कॉलेज आणि चार वर्षांचं विद्यापीठ यांची जोडी असायची, विद्यार्थी विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम करायचा आणि त्याला त्याचे पैसे मिळायचे. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मात्र लागायचं, त्यामुळे व्हिसावर आलेल्या माझ्या मैत्रिणीला अर्जच करता आला नाही. माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची गोष्ट पगार. काउंटर सुटला, आणि डोकं थंड ठेवून शिकायला वेळ मिळाला.

लॅब झेब्राफिशची होती. पट्ट्यापट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९७०च्या दशकात त्याच्यावर काम केलं आणि तो जगभरच्या लॅबमध्ये पोचला. पुण्याच्या आघारकर संस्थेतही तो आहे. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुकं त्याच्यात सापडतात, आणि भ्रूण पारदर्शक असल्याने धडधडणारं हृदय मायक्रोस्कोपखाली सरळ दिसतं.

संध्याकाळी नर आणि मादी एकाच टाकीत, पण मध्ये पडदा घालून ठेवायचे. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. मादी अंडी घालते, ती जाळीतून खाली पडतात, म्हणजे आईबापांच्या तोंडी लागत नाहीत. ती गाळून घ्यायची, पांढरी पडलेली मेलेली अंडी पिपेटने उचलून टाकायची, उरलेली २८.५ अंशांवर ठेवायची. मग हृदयाचे ठोके मोजायचे. कोणत्या डिशमध्ये औषध आहे आणि कोणत्यात नुसतं पाणी, हे मला ठाऊक नसायचं. मला शिकवणारी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणारी, ताई डिशवर फक्त आकडे टाकायची. मी म्हटलं, मी कशाला खोटं मोजेन? ती म्हणाली, "खोटं नाही मोजणार, आशेने मोजशील." पिपेट धरणं कॉलेजातही शिकवलं होतं. हे तिथे कुणी शिकवलं नव्हतं.

वहीचीही तीच तऱ्हा. पेनानेच लिहायचं, खोडायचं झालं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. दर आठवड्याच्या लॅब मीटिंगमध्ये न जमलेले प्रयोगही मांडायचे. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा आलेखात औषध आणि नुसतं पाणी यांत काहीच फरक दिसत नव्हता. प्राध्यापकांनी त्यावर बराच वेळ प्रश्न विचारले: डोस किती, पाणी कधी बदललं, एकाच आईची अंडी होती का? शेवटच्या प्रश्नावर आम्ही सगळं पुन्हा मांडलं. फरक तेव्हाही आला नाही, आणि पोस्टरवर तेच छापलं.

विद्यापीठाच्या अर्जाचं बरंचसं गणित तारखांचं. टॅग ही प्रवेशाची हमी सप्टेंबरमध्ये मागायची, मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. टॅग यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, सहा कॅम्पसांपैकी एकाच ठिकाणी मिळतो. बर्कली आणि लॉस एंजलिस त्यात नाहीत. मी डेव्हिस घेतलं. तिथे क्वार्टर पद्धत, म्हणजे दहा आठवड्यांत विषय संपतो. पहिल्या क्वार्टरला मी मुद्दाम लॅब घेतली नाही. दुसऱ्याला प्राध्यापकांना मेल टाकले, त्यात फरक न आलेल्या त्या प्रयोगाबद्दल चार ओळी लिहिल्या. एकांनी भेटायला बोलावलं आणि सगळ्यात आधी विचारलं, अंडी किती माद्यांची होती?