चन्नपट्टणचा गरम भोवरा

आज लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चन्नपट्टणला जाऊन आले. बंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्यावर साधारण 60 किलोमीटर. एका कारागीर काकांनी लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकडाचा तुकडा चढवला आणि मी जागची हललेच नाही!

लाकूड काळ्या कुड्याचं, कन्नडमध्ये 'हाले'. पांढरट, गुळगुळीत. पटाशी टेकवली की पातळ साली फितीसारख्या उडतात. पण खरी गंमत रंगात. ब्रश नाहीच. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणानं लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग वरून केवड्याचं पान फिरवायचं, की आरशासारखी चकाकी. पिवळा रंग हळदीचा, हे ऐकून तर फारच बरं वाटलं. बाळं आधी सगळं तोंडातच घालतात ना. भाचीसाठी लगेच खुळखुळा घेतला.

सावंतवाडीच्या चितारआळीची फार आठवण आली. लहानपणी आजोबा तिथून लाकडी फळं आणायचे. केळं, सीताफळ, अगदी खरी वाटणारी. ती कोण घडवतं, हे मी कधी विचारलंच नाही. मे महिन्यात गावी गेले की आधी तिथे जाणार.

निघताना काकांनी नुकताच उतरवलेला भोवरा तळहातावर ठेवला. अजून गरम होता.