नाकात ऑक्सिजनची नळी आणि उशाखाली बिडीचा कट्टा

घरी ऑक्सिजनचं मशीन आलं की पोरं-सुना पहिलं काम करतात ते बाबांचा कट्टा आणि माचिस उचलून फेकायचं. हेतू चांगलाच असतो. पण सारी उमर बिडी ओढलेला माणूस असा एका दिवसात थांबत नाही. तो नातवाला पानठेल्यावर धाडतो, नाहीतर शेजाऱ्याकडून दोन मागून आणतो. आणि मग ओढतो कुठं? रात्री सगळे झोपल्यावर, बाजेवर, वाकळ अंगावर घेऊन, नाकात नळी तशीच ठेवून. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसं कायमची झिजून दम लागण्याचा आजार, असलेल्या घरात सगळ्यात घातक बिडी हीच. म्हणून आगीचा नियम आणि बिडी सोडवायचं काम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिल्यात सूट शून्य, दुसऱ्यात घाई नाही.

साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, मशीनच्या नळीतून ९० टक्क्यांच्या आसपास येतो. तो स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला भडकवतो. वाकळीत, बंडीत, मिशीत तो मुरून बसतो आणि नळी काढल्यावरही काही वेळ तिथंच राहतो. नळी नाकातून काढून बाजेवर टाकली आणि मशीन चालूच राहिलं, तर अंथरूण ऑक्सिजननं भरत जातं. अशा वेळी बिडीची एक ठिणगी पुरते. चेहरा भाजतो, नळीचं प्लास्टिक वितळून नाकाला चिकटतं.

म्हणून क्रम असा. आधी मशीनचं बटण बंद. नळी खुंटीला. अंगावरची शाल घरात ठेवायची आणि बाबांना अंगणात आणून खुर्चीवर बसवायचं. किमान २० मिनिटं, जमलं तर अर्धा तास नुसतं मोकळ्या हवेत. त्यानंतरच माचिस. माचिस घरात ठेवायचीच नाही, ती बाहेर, घरच्या जाणत्या माणसाच्या ताब्यात. थोटूक वाळू भरलेल्या मडक्यात विझवायचं. बिडी वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत असते. देवघरातला दिवा, अगरबत्ती, मच्छरांची कॉइल, चूल, थंडीतली शेकोटी, सगळं मशीनपासून आणि नळीपासून निदान १० फूट लांब. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावू नका, पाण्यात विरघळणारं जेल लावा. लाइट जाते म्हणून सिलिंडर ठेवला असेल, तर त्याच्या चावीला आणि रेग्युलेटरला तेलकट हात लावायचा नाही.

हे सांगताना भांडू नका. “बाबा, बिडीले मी नाही म्हणत नाही. मशीन बंद करू, आंगणात बसू, मी संगं बसतो. पण वाकळीत नाही.” एवढं बोललं की लपवायचं कारण उरत नाही. शिवाय तलफेचा जोर बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत ओसरतो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या वाट पाहण्यात काही बिड्या आपोआप गळतात. नळी काढून अर्धा तासही दम धरवत नसेल, तर मात्र बिडीसाठी नळी काढणंच परवडणारं नाही. तिथं निकोटिनचा (तंबाखूतलं तलफ लावणारं द्रव्य) पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, किंवा चघळायचा गम हाच रस्ता.

“आता या वयात सोडून काय होनार हाय?” याचं खरं उत्तर द्या. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. पण बिडी थांबली की पुढची झीज मंदावते, वयाच्या कुठल्याही टप्प्यावर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो, म्हणजे तेवढं रक्त ऑक्सिजन वाहायला मोकळं होतं. इथं बोटावरच्या ऑक्सिमीटरबद्दल एक गोष्ट माहीत असावी. कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही. बिडी ओढल्याबरोबर ९४ दिसलं म्हणून खुश होऊ नका, तो आकडा फुगलेला असतो. आणि आकडा कमी दिसतो म्हणून मनानं ऑक्सिजन वाढवूही नका. सीओपीडीत साधारण ८८ ते ९२ ठेवतात. जास्त दिला की अंगात कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटतं बरी झोप लागली.

निकोटिनचा गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल, तर सहसा ४ चा लागतो. बरेच जण तो साध्या चिंगमसारखा कचकचा चावतात, लाळ गिळतात, मग उचकी आणि मळमळ होते आणि “हे आपल्याले जमत नाही” म्हणून थुंकून देतात. तोंडात झिणझिण्या येईस्तोवर हळू चावायचा, मग गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चार-दोन वेळा चावायचा. असा अर्धा तास. आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा नाही. चहानं निकोटिन शोषलं जात नाही. दात नसतील किंवा कवळी असेल तर पॅच बरा: रोज सकाळी केस नसलेल्या जागी एक, दुसऱ्या दिवशी जागा बदलायची. रात्री वाईट स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेवा. नुकताच हार्ट अटॅक आला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

बिडीऐवजी खर्रा हा आपल्याकडचा ठरलेला तोडगा. धूर गेला, पण तंबाखू तीच राहिली आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वर आला. तो पर्याय धरू नका.

बिडीशिवाय संडासला होत नाही, ही तक्रार खोटी नाही. निकोटिननं आतडी हलतात. बिडी बंद झाली की काही आठवडे पोट जड राहतं. सकाळी कोमट पाणी, रात्री भरपूर पाण्यातून इसबगोल, जमेल तेवढं चालणं. कुंथण्यात दम जातो, म्हणून इकडं दुर्लक्ष नको. पहिले काही आठवडे खोकला आणि बेडकाही वाढू शकतो, कारण श्वासनलिका स्वतःला साफ करायला लागते. बेडका पिवळा-हिरवा झाला, ताप आला, रक्त पडलं तर मात्र ते बिडी सुटण्यावर घालू नका. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची टीबी तपासणी मोफत होते.

दम लागण्यावरची डेरिफायलिनची गोळी गावोगाव चालते. त्यात थिओफायलिन असतं. धुरामुळे लिव्हर ते लवकर निकाली काढतं. बिडी सुटली की तीच गोळी अंगात जास्त साठते. छातीत धडधड, हात थरथरणं, उलटी, झोप न येणं सुरू झालं की घरचे म्हणतात, बिडी सोडली म्हणून असं होतंय, एक ओढू द्या. खरं तर डोस कमी करायची वेळ झालेली असते. बिडी सोडायच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा.

मध्येच एखाद्या लग्नात, पोळ्याला बाबांनी ओढली, तर रागावून पॅच बंद करू नका. पॅच तसाच चालू ठेवायचा, दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे नवा लावायचा. समजावून सांगायला बाहेरचं माणूस हवं असेल तर १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडवण्याचा सरकारी मोफत नंबर आहे. आणि एवढं करूनही त्यांनी सोडायची नाही असं ठरवलं, तर डॉक्टरांपासून ते लपवू नका. घरी ऑक्सिजन ठेवायचा की नाही, किती तास ठेवायचा, हे त्यावरच ठरतं.