लाल ढकलगाडी आणि बाबांना केलेला फोन

अमेरिकेत टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे कॉलेजात शिकवायला मदत करणारी) म्हणून हे माझं दुसरं सेमिस्टर, आणि यावेळी वर्गात निम्मी पोरं इंजिनीअरिंगची, क्रेडिट लागतं म्हणून येऊन बसलेली. मला धास्ती होती ती जुन्या अमेरिकन लिटरेचरची, म्हटलं १६८२ सालचं मेरी रोलँडसनचं पुस्तक कोण वाचतंय, पण झालं उलटंच. ही मॅसॅच्युसेट्समधल्या पाद्र्याची बायको, १६७६ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांनी तिला धरून नेलं, सहा वर्षांची लेक वाटेतच गेली, शेवटी २० पौंड मोजून हिला सोडवली. ती लिहिते की पहिल्या आठवड्यात त्यांचं अन्न घशाखाली उतरेना आणि तिसऱ्या आठवड्यात तेच चवदार लागायला लागलं. (मला आपलं इथल्या डायनिंग हॉलमधलं उकडलेलं ब्रोकोली आठवलं, असो.) एका मुलीने विचारलं, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी हेच लिहिलं असतं तर? अख्खा तास त्यातच गेला.

मग विल्यम कार्लोस विल्यम्सची लाल ढकलगाडीची कविता, १९२३ ची, मोजून १६ शब्द. गाडी, पावसाचं पाणी, पांढऱ्या कोंबड्या, खल्लास. 'हे तर मी पण लिहीन' असं मागून आलंच, म्हटलं लिही, तर बिचारा वीस मिनिटं ओळ कुठे तोडायची यावरच अडकून बसला. हसले नाही मी, मर्ढेकरांच्या पिपातल्या उंदरांवर आम्ही पण कॉलेजात खिदळलोच होतो.

खरी गोची झाली कवी टी. एस. एलियटपाशी. १९२२ ची 'द वेस्ट लँड', ४३४ ओळी, आणि शेवटाकडे 'दत्त, दयध्वम्, दाम्यत', मग 'शांतिः शांतिः शांतिः', सगळ्या माना माझ्याकडे! माझं संस्कृत दहावीचं, तेही पाठांतरावर. रात्री सांगलीला बाबांना फोन लावला, त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रजापतीची गोष्ट सांगितली, त्याने उच्चारलेला एकच 'द' ऐकून देवांनी दाम्यत (मनाला आवरा) समजून घेतलं, माणसांनी दत्त (द्या) आणि असुरांनी दयध्वम् (दया करा), आणि वर मलाच विचारलं, मग तुझ्या एलियटने दत्त आधी का घातलं गं?

मी तोच प्रश्न वर्गात ढकलला. बराच वेळ कुणीच बोलेना, मग तोच ढकलगाडीवाला म्हणाला, वाचणारी माणसं आहेत ना, म्हणून माणसांचं आधी.

बाबा जाम खूश, म्हणाले पोराला मार्क वाढव. नाही वाढवले, असाइनमेंट दोन दिवस उशिरा दिली होती त्याने.