एलडीएलचा रिकामा रकाना

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ती मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर तीन आठवडे, पणजीच्या तीन खेपा आणि दोन रजा वाचल्या असत्या. लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या, रिपोर्टवर टोटल कोलेस्टेरॉल असतं आणि एचडीएल, म्हणजे 'चांगलं' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, असतं. टोटलमधून एचडीएल वजा करा. जे उरतं ते नॉन-एचडीएल. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही, वेगळी तपासणी नाही, वेगळे पैसे नाहीत. माझ्या पहिल्या रिपोर्टवर हे दोन्ही आकडे होते आणि मी तिसऱ्याच आकड्यामागे धावत होतो: एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल.

मी फोंड्याचा. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेब बघतो. वय ४७. गेल्या वर्षी कंपनीने गट विमा वाढवला आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना रक्त तपासून आकडे ऑनलाइन फॉर्ममध्ये भरायला सांगितले. वजन, रक्तदाब, साखर एका सकाळीच उरकलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

चूक माझीही होती, कबूल करतो. एप्रिल महिना, उराकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, हंगाम. आदल्या रात्री साखळीला मित्राच्या कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, बसलो होतो. उराक, लिंबू, मीठ, मधोमध चिरलेली मिरची, सोबत मटण आणि तळलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी. नऊनंतर काही खाल्लं नाही, म्हणजे सकाळी नऊला बारा तास भरले, असा माझा हिशेब. उराक साडेअकरापर्यंत चालला होता, पण तो कोण खाण्यात धरतो?

रक्त धरतं. तासाभराने पावतीवर नाव चुकलंय म्हणून परत गेलो, तर टेक्निशियन पोराने यंत्रात फिरवून काढलेली माझी नळी उजेडात धरून दाखवली. खाली लाल आणि वर जे पिवळसर, स्वच्छ दिसायला हवं ते पातळ ताकासारखं गढूळ. शेजारची दुसऱ्या कोणाची नळी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी नितळ. "काल पार्टी आशिल्ली?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो.

रिपोर्ट आला. टोटल २४८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) ४६२. आणि एलडीएलपुढे आडवी रेघ. खाली बारीक इंग्रजीत, की ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असल्याने एलडीएल काढता येत नाही.

तोवर मला वाटायचं की एलडीएल हे मशीन मोजतं. तसं नाही. बहुतेक ठिकाणी ते मोजत नाहीत, वजाबाकी करून काढतात. १९७२ साली फ्रीडवाल्ड वगैरे मंडळींनी दिलेलं सूत्र आहे: टोटलमधून एचडीएल वजा, त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा, उरलं ते एलडीएल. हा पाचवा हिस्सा म्हणजे व्हीएलडीएलचा, ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांतल्या कोलेस्टेरॉलचा, अंदाज. ट्रायग्लिसराइड फार चढलं की तो अंदाज फसतो, म्हणून ४०० च्या वर लॅबने रेघ मारायची.

हिशेबाच्या माणसाला रिकामा रकाना बघवत नाही. मी पावतीच्या मागे मांडलं. ४६२ भागिले ५, म्हणजे ९२.४. २४८ वजा ३६ वजा ९२.४. उत्तर ११९.६. मी खूश. एकशे वीससुद्धा नाही! बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "ज्याने सूत्र काढलं तोच म्हणतो इथे वापरू नका, आणि तुम्ही वापरताय." तिचं बरोबर होतं. ट्रायग्लिसराइड जितकं जास्त तितकं वजा जास्त, म्हणजे रक्त जितकं वाईट तितका एलडीएलचा आकडा गोंडस.

आता फॉर्म. एलडीएलच्या रकान्यापुढे तांबडी चांदणी, म्हणजे सक्तीचा. रिकामा ठेवला, पुढे जाईना. रेघ मारली, 'फक्त अंक' म्हणाला. शून्य टाकलं, 'वैध आकडा भरा'. ११९.६ टाकलं आणि झटकन पुढचं पान उघडलं! तिथे रिपोर्टची प्रत चढवायची होती. चढवली. चार दिवसांनी निरोप आला: रिपोर्टमध्ये एलडीएल आढळत नाही, अर्ज परत.

विम्याचं काम बघणारं कार्यालय पणजीला. रजा टाकून बसने गेलो. टेबलावरच्या बाईंना रेघेखालची ओळ दाखवली, सूत्र समजावलं, १९७२ सुद्धा सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे सर, पण आकडा पाहिजे." मी म्हटलं, आकडा येतच नाही. "मग लॅबला सांगा घालायला."

लॅब म्हणजे आमच्या फोंड्यातलं नमुने गोळा करायचं केंद्र. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तें मशीन घालता, आमी ना." मी म्हटलं, मग एलडीएल थेट मोजायची तपासणी असते ना, डायरेक्ट एलडीएल म्हणतात ती, त्याच रक्तावर करा. तो नमुना टाकून दिलेला. पुन्हा रक्त द्या, पुन्हा पैसे. ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशी गेलो. ही दुसरी घाई. परतलेल्या अर्जाच्या रागात आदल्या रात्री दोन पेग झालेच होते, आणि जेवणावर दोन वाट्या खीर. तीन दिवसांनी रिपोर्ट: ट्रायग्लिसराइड ४११ आणि एलडीएलपुढे तीच रेघ. काउंटरवर 'डायरेक्ट' सांगितलेलं कोणी संगणकात घातलंच नव्हतं. नेहमीचं प्रोफाइल करून मोकळे.

मी तिथे आवाज चढवला. चढवायला नको होता, पण चढवला. त्यातून एवढंच निघालं की डायरेक्ट एलडीएल त्यांच्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेत नाहीत. हे पहिल्यांदा पैसे घेताना का नाही सांगितलं, याला उत्तर नाही. आमचे डॉक्टर मंगळवार आणि शुक्रवारी संध्याकाळीच असतात. तो दिवस शनिवार.

(अरे हो, उपाशी म्हणजे पाणी चालतं. मी दोन्ही वेळा घोटभर पाणीही न पिता गेलो आणि दुसऱ्यांदा शीर सापडायला तीन सुया लागल्या. पाणी प्या. कोरा चहा मात्र नको.)

मंगळवारी मला वाटलं डॉक्टर चिठ्ठी खरडतील आणि मी सुटेन. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि विचारलं, "दारू कधी घेतली?" इथे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, दारू आणि साखर यकृताला ट्रायग्लिसराइड बनवायला लावतात. हा आकडा ५०० च्या पुढे सरकत गेला तर हृदयाआधी स्वादुपिंडाला सूज यायची भीती. पाच दिवस दारू बंद, गोड बंद, मग रक्त. चिठ्ठीवर 'डायरेक्ट' हा शब्द त्यांनी माझ्यासमोर दोनदा अधोरेखित केला.

तिसरं रक्त. टोटल २४३, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २२८, डायरेक्ट एलडीएल १५८. मी लगेच सूत्रात घातलं: १५९.४. म्हणजे पाच दिवस तोंड आवरल्यावर साधं प्रोफाइलही पुरलं असतं. डायरेक्टचे पैसे उगाच गेले. आणि ज्या ११९.६ वर मी खूश होतो, त्याच्या जागी १५८.

संपलं? नाही. अर्ज पुन्हा परत. कारण: फॉर्ममध्ये 'एलडीएल' आहे, रिपोर्टमध्ये 'एलडीएल डायरेक्ट' आहे, नावं जुळत नाहीत. पुन्हा पणजी. बाई त्याच. "सर, डॉक्टरकडून लिहून आणा की दोन्ही एकच." मांडवीकाठच्या बाकावर दहा मिनिटं बसून राहिलो, कारण बसमध्ये चढलो असतो तर कंडक्टरवर ओरडलो असतो.

शुक्रवारी डॉक्टरांनी एका ओळीत लिहून दिलं. सोमवारी ते पत्र हातोहात देऊन आलो. शुक्रवारीच, पत्र लिहिता लिहिता, त्यांनी पहिला रिपोर्ट पुढे ओढला आणि म्हणाले, "मला तर हे त्याच दिवशी पुरलं असतं. २४८ वजा ३६. नॉन-एचडीएल २१२. धमन्यांत साचणारं जे जे कोलेस्टेरॉल ते सगळं यात आलं, एलडीएल त्यातलाच एक भाग. एलडीएलची जी मर्यादा, तिच्यात ३० मिळवले की याची मर्यादा. औषध मी यावरही सुरू केलं असतं." तीन आठवडे मी फॉर्मचा आजार बरा करत होतो, माझा नाही.

वडिलांना ५२ व्या वर्षी झटका आला होता, हे त्यांनी लिहून घेतलं आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, सुरू केलं. आणि मग विचारलं, घरी तेल कुठलं?

खोबरेल. आमच्याकडे आई पूर्वापार घाण्याचं खोबरेल वापरते आणि त्याविरुद्ध घरात बोलायची सोय नाही. डॉक्टरांनी तेलासोबत नारळाबद्दलही विचारलं, ते मला आवडलं, कारण तो हिशेब मला करता येतो. घरी येऊन फोडलेल्या नारळातलं सगळं खोबरं सोडवून काट्यावर ठेवलं. ३१० ग्रॅम. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅममागे साधारण ३३ ग्रॅम चरबी, त्यातली ३० च्या आसपास संपृक्त (सॅच्युरेटेड). म्हणजे एका नारळात संपृक्त चरबी ९२ ग्रॅम. आमच्याकडे दिवसाला एक नारळ, माणसं चार. माणशी २३. जागतिक आरोग्य संघटना सांगते की संपृक्त चरबीतून दिवसाच्या १० टक्क्यांहून जास्त उष्मांक येऊ नयेत. २००० उष्मांकांचं जेवण धरलं तर २०० उष्मांक, चरबीच्या ग्रॅमला ९, म्हणजे २२ ग्रॅम. हुमणाच्या, म्हणजे माशांच्या कढीच्या, वाटपातच मर्यादा ओलांडली, अजून तेल, दूध, तूप, मटण काही धरलेलंच नाही.

खोबरेल तर जवळपास नव्वद टक्के संपृक्त. त्यातलं निम्मं लॉरिक आम्ल, आणि त्यावर मोबाइलवर रोज एक चमत्कार येतो. ते एचडीएल वाढवतं हे खरं, पण सोबत एलडीएलही वाढवतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली खोबरेल वापरू नका असाच सल्ला दिला. बाटलीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात सांगण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं, वनस्पती तुपातही नाही.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, आमच्या सगळ्या पिढ्या यावरच जगल्या. मी म्हटलं, बाबा पण. त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला ते वाक्य परत घ्यावंसं वाटतं, पण तिसऱ्या दिवशी तिने अर्धाच नारळ वाटला. कढीला आमसूल जास्त आणि तिरफळं दोन जास्त. चव उतरली असं कोणी म्हणालं नाही.

तळण आता शेंगदाणा तेलात, तेही तव्यावर. बांगडे आणि तारले बंद करायची गरज नाही, उलट त्यांची चरबी वेगळ्या जातीची, ओमेगा-३. बंद करायचं होतं ते रव्यात घोळवून डुबवणं. सुंगटांना मी घाबरून होतो, कारण त्यांत कोलेस्टेरॉल बरंच. डॉक्टर म्हणाले, संपृक्त चरबी नगण्य आहे, आठवड्याला एकदा खाल्ली तर आकाश कोसळत नाही. कोसळायचं ते उराकाने कोसळतं. जून-जुलैत मासेमारी बंद असताना जीव कासावीस झाला, ते सोडा.

एक फसवणूक मात्र मी स्वतःच केली. पहिले पंधरा दिवस नारळ कमी केला आणि ती भूक पोदेराच्या उंड्यांवर, म्हणजे पाववाल्याच्या गोल पावांवर, आणि चहातल्या साखरेवर काढली. संपृक्त चरबीच्या जागी मैदा-साखर आली तर हृदयाला काही फायदा होत नाही. तिच्या जागी शेंगदाणा, तीळ, मासा, काजू-बदाम असं काही यावं लागतं. बेकरीतल्या खाऱ्या बिस्किटांचंही बघा. देशात तेला-तुपातली, हृदयाला घातक अशी ट्रान्स चरबी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणलीय, पण गाड्यावर तेच तेल दिवसभर उकळत असतं, तिथे कायदा कढईत डोकावत नाही.

तीन महिन्यांनी, चवथीच्या आधी, पुन्हा रक्त दिलं. टोटल १६८, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १६०. रिपोर्ट हातात यायच्या आधी मोबाइलवर फक्त हे तीन आकडे आले होते. काउंटरसमोर उभ्या उभ्या मांडलं: ३२ वजा, ४० वजा, ९६. कागद छापून आला, ९६. नॉन-एचडीएल १२८. डॉक्टरांनी सांगितलं की यातला मोठा वाटा गोळीचा, नारळाला फार श्रेय देऊ नका आणि बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका. नळीही बघून घेतली. नितळ होती.

विमा मेच्या अखेरीसच मंजूर झाला होता, त्याचा आनंद तेव्हा झालाच नाही. परवा यंदाचा फॉर्म आला. नॉन-एचडीएलचा रकाना त्यात अजूनही नाही. एलडीएलपुढे तांबडी चांदणी आहेच, आणि त्याखाली एक नवा रकाना आलाय: 'डायरेक्ट की कॅलक्युलेटेड'. तोही सक्तीचा.