दोन मिलिमीटरचा धागा

आज बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यात सकाळपासून आम्ही एकाच धाग्याच्या मागे होतो, ज्याचे तुकडे करून गर्भनिरोधक कांड्या बनतात. दंडाच्या आतल्या बाजूला त्वचेखाली बसवतात ती कांडी जेमतेम 4 सेंटीमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड असते. तिच्यातले 68 मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल हे संप्रेरक इव्हीए या प्लास्टिकसारख्या पॉलिमरमधून झिरपत किमान 3 वर्षे पुरते. गाभ्यावर त्याच जातीच्या पॉलिमरचे पातळ आवरण असते आणि औषधाचा वेग मुख्यतः तेच राखते, म्हणून जाडीतला केसभर फरकही मला सहन होत नाही.

आम्ही अशा कांड्यांसाठी दुहेरी स्क्रूचा एक्स्ट्रूडर, म्हणजे पॉलिमर वितळवून धाग्याच्या रूपात बाहेर दाबणारे यंत्र, बनवतो. आजची चाचणी औषधाविना, नुसत्या पॉलिमरवर होती. जाडी मोजणाऱ्या लेझर गेजवरचा आकडा 2.00 मिलिमीटरवरून 2.07 वर चढे आणि पुन्हा उतरे. तापमान तपासले, धाग्याला आकार देणारी डाय उघडून पाहिली. अखेर दोष सापडला तो धागा ओढणाऱ्या पुलरच्या पट्ट्यात, जो एका बाजूने झिजून मधूनच घसरत होता आणि ओढ मंदावताच धागा जाड होत होता. पट्टा बदलल्यावर आकडा स्थिरावला.

थंड झालेला तो पांढरा धागा बराच वेळ तळहातावर धरून बसलो. असाच धागा एक दिवस कुणाच्या तरी लेकीच्या दंडात असेल, हा विचार दांडिया बाजारात घरी पोहोचेपर्यंत सोबत होता. उद्या आवरणासह चाचणी आहे.