लाल ठिपका

“चेन मी आणलीय काका, तुम्ही फक्त बसवून द्या. तासाभराचं काम.”

महिन्यातून चार-पाच वेळा हे ऐकतो. तासाभरात होणारं काम मात्र माझ्या गॅरेजात अजून कुणी आणलेलं नाही.

साखळीच्या बाजारातून बाहेर पडलं की केरीच्या रस्त्याला माझं दुकान. शनिवार होता. दारात बुलेट, साडेतीनशे, 1973 ची. मुलगा वेर्ण्याला कंपनीत कामाला. बुधवारी वडिलांना मागे बसवून कार्तिकीला पंढरपूरला निघणार होता, चोर्ला घाट चढून बेळगावमार्गे. “व्हिंटेज आहे हो काका,” असं तो दोनदा म्हणाला. पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज हे खरं, 2021 पासून केंद्राचा तसा नियमच आहे. पण त्या खात्यात नोंदवलेली गाडी प्रदर्शनाला नाहीतर रॅलीला काढायची, विठोबाला न्यायची नाही. म्हटलं, साध्या पासिंगवर आहे तीच बरी.

मागच्या चाकावर चेन चिमटीत धरली आणि मागे ओढली. दातांवरून चांगली वर आली, मधून पलीकडचा उजेड दिसला. मग पट्टी लावली. बुलेटच्या चेनची एक कडी पाच सुताची (आठ सुतांचा एक इंच), म्हणजे 24 कड्या नेमक्या 15 इंच भरायला हव्यात. भरल्या 15 इंच आणि तीन सूत. दोन टक्के वाढली की चेन फेकायची असा माझा हिशेब. ते 15 इंचाला जेमतेम अडीच सूत होतं.

लोक म्हणतात चेन ताणली. लोखंड असं ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश एकमेकांना घासून झिजतात, सांध्यासांध्यात केसभर जागा होते, आणि त्या सगळ्या केसांची बेरीज म्हणजे ते तीन सूत. आमच्या डिचोली-सत्तरीत तर विचारूच नका. खाणी जोरात होत्या तेव्हा मालाच्या ट्रकांमागून येणाऱ्या गाडीची चेन पुसली तर फडकं कुंकवासारखं लाल व्हायचं. ती धूळ चेनच्या तेलात कालवली की पॉलिश पेपर वेगळा लागत नाही.

“मग नवी आहेच की,” मुलगा म्हणाला.

समजावून सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. जुनी चेन काढली आणि त्याची नवी चेन मागच्या ड्रमवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातांवर, हाताने गुंडाळली. पहिल्या तीन दातांवर बसली, चौथ्यावर रोलर किंचित वर राहिला, सहाव्यावर तर दाताच्या खांद्यावरच चढून बसला. झिजलेल्या चेनने दातांना आपल्या मापाचं करून ठेवलेलं असतं. नवीचं माप वेगळं, म्हणून सगळा जोर दोन-तीन दातांवर येतो. घाटात, मागे माणूस, खाली दुसरा गिअर, तिथे ती उडी मारणार. नशीब असेल तर नुसती उडी, नसेल तर तुटून इंजिनाच्या केसवर.

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, “ड्रम बदला मग. पुढचं राहू दे, ते काम मोठं ना?”

मोठं आहेच. दुसऱ्या गाड्यांना पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातांचं चाक, एका झाकणामागे असतो, दहा मिनिटांत हातात येतो. जुन्या बुलेटचा क्लचच्याही मागे लपलेला. डावीकडचा फूटरेस्ट काढा, चेनकेसचं झाकण काढा, तेल सांडा, मॅग्नेट कॉइल, क्लच प्लेटा, मग क्लच आणि इंजिनचा दात आतल्या चेनसकट एकदमच ओढा, मग आतली केस. तेव्हा कुठे त्याचं तोंड दिसतं. म्हणून निम्मे लोक तो बदलत नाहीत, आणि निम्मे मेस्त बदलायला सांगत नाहीत.

मी म्हटलं, उघडणार. नाहीतर गाडी घेऊन जा.

दुपारी जेवून उघडायला घेतली. पोऱ्या मागच्या मडगार्डाचे बोल्ट सोडवत होता, मी पुढचं मडगार्ड पुसत होतो. स्टेच्या बोल्टाखाली काळा रंग खपलीसारखा निघाला. खाली पिवळा. पिवळं पुढचं मडगार्ड म्हणजे पायलटची, भाड्याने माणसं नेणाऱ्याची गाडी, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही कळतं. नंबरप्लेटीवर तर गोव्याची जुनी जीडी अक्षरं होतीच. मग टाकीवरचा तो पोचा पाहिला, डाव्या गुडघ्याशी, नारळाएवढा. ही गाडी मी ओळखत होतो. साखळीच्या स्टँडवर वर्षानुवर्षं उभी असायची.

क्लच ओढला, आतली केस काढली आणि बॅटरी मारली. दात दात राहिलेच नव्हते. एका अंगाने खाल्लेले, टोकं पुढे वळलेली, कोंबड्याच्या नखांसारखी. एकाचं टोकच गायब. पोऱ्या “आई गो” म्हणाला. मी मात्र नटाकडे बघत होतो.

माझी एक सवय आहे. बेळगावला ज्या उस्तादाकडे शिकलो, त्याने लावलेली. आतला नट आवळला, लॉक वॉशर वाकवला की त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. अर्धा नटावर, अर्धा वॉशरवर. नट सैल पडला की ठिपका मोडतो. शिवाय कुणी आवळला तेही कळतं. या नटावर ठिपका नव्हता. जुनी काळी तेलकट खपली, आणि कुणीतरी कधीतरी छिन्नी मारून सोडवल्याचे घाव.

घरी जाऊन माळ्यावरच्या वह्या काढल्या. बायको म्हणाली, जेवायचं नाही का. 2011 च्या वहीत सापडलं, चवथीच्या आदल्या दिवशीचं पान. माझंच अक्षर: “पायलट बुलेट. चेन + मागचा ड्रम. पुढचा बरा.”

पुढचा मी उघडला नव्हता. त्या दिवशी अकरा गाड्या उभ्या होत्या, प्रत्येकाला चवथीला गावी जायचं होतं. या मुलाचा बाप, तेव्हाचा पायलट, म्हणाला होता, “मेस्त, पुढचा पण बघ.” मी मागून फटीतून बॅटरी मारली, काहीतरी चकाकलं, आणि म्हटलं बरा आहे. त्या बऱ्याने पुढे चेन खाल्ली, चेनने नवा ड्रम खाल्ला. मध्ये काही वर्षं गाडी ताडपत्रीखाली पडून होती म्हणून, नाहीतर हे कधीच संपलं असतं.

रविवारी फोंड्याला जाऊन माल आणला. जुन्या बुलेटचे मागचे दात आणि ब्रेकचा ड्रम एकाच तुकड्यात ओतलेले असतात, 38 दात, त्यामुळे दात बदलायचे म्हणजे ड्रमच बदलायचा. काही जण दात लेथवर उतरवून रिंग वेल्ड करून देतात. मी देत नाही. ब्रेकच्या गोष्टीत वेल्डिंग नको. स्प्रॉकेटमागचं ऑइल सील पण घेतलं. ते गळत नव्हतं, पण महिन्याभराने गळलं तर शंभराच्या मालासाठी पुन्हा हीच सगळी उस्तवार.

सोमवारी बाप-लेक दोघे आले. मुलाला पुढे 16 ऐवजी 18 दात हवे होते, हायवेला गाडी मोकळी धावते म्हणून. त्याचं चूक नव्हतं. 38 ला 16 म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला पुढचा अडीचच्या जरा खाली, 2.375 वेळा फिरतो; 18 लावले तर 2.11. इंजिन निवांत चालतं, पण ओढ त्याच मापात, अकरा टक्के, कमी होते. हे मी वहीवर मांडून दाखवत होतो तेवढ्यात म्हातारा बोलला, “सोळाच घाल. चोर्ल्यात उतरून ढकलायचं वय नाही माझं.” विषय मिटला.

मग मी वही उघडी त्याच्यासमोर धरली आणि सांगितलं. त्याने चष्मा पुसून ती ओळ वाचली.

“गिअर टाकून सोडताना टक करायची,” तो म्हणाला. “दोन वर्षं ऐकत होतो. म्हटलं, मेस्त बरा म्हणाला म्हणजे दुसरं काहीतरी असेल.”

याला उत्तर नव्हतं. मी स्प्रॉकेट बसवायला घेतला. नट आवळला, वॉशर वाकवला, ठिपका दिला. म्हातारा स्टूल ओढून शेवटपर्यंत जवळ बसून राहिला. चेन लावली, लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. उलटी लावली तर कशाला तरी घासून निसटते. सुतळी धरून दोन्ही चाकं एका रेषेत आणली. चेन चाकभर फिरवून जिथे सर्वांत ताठ लागली, तिथेच माणूस बसवून इंचभर ढील ठेवली. सैल जागी मोजून आवळणारे बेअरिंगची वाट लावतात.

मंगळवारी केरीपर्यंत जाऊन आलो, नव्या ड्रमला ब्रेकशू घासून बसावेत म्हणून सारखा ब्रेक दाबत. हिशेबात मी फक्त मालाचे पैसे धरले होते. म्हाताऱ्याने मजुरी मोजून पान्यांच्या पेटीवर ठेवली, जुना स्प्रॉकेट वर्तमानपत्रात गुंडाळून मागितला आणि “देव बरें करूं” म्हणून निघाला. तो कशाला हवा, ते मी विचारलं नाही.

बुधवारी दुपारी बेळगावहून मुलाचा फोन. “काका, चेन जरा सैल वाटतेय.”

“नवी बसतेय, होणार. मागे दोन्ही बाजूंना गोगलगायीसारखे कॅम आहेत ना? दोन्हीकडे एकेक खाच पुढे घे. मोजून घे. ब्रेकचा रॉड पण बघ.”

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, “त्याला विचार, डाव्या बाजूची पहिली की उजव्या?”

“कुठलीही,” मी म्हटलं. “पण दोन्ही.”